छप्पन मिलिमीटरची शिरोरेषा

पहिला माउस तिसऱ्या दिवशी फुटला. तिच्या मते तिने तो आपटला नव्हता, टेबलावर जरा जोरात ठेवला होता. आवाज ऐकून आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कोण मेलं?"

"व," ती म्हणाली.

व खरंच मेला होता. बाबांनी खाकी कागदावर काढलेला व पोटभर जेवून भिंतीला पाठ टेकून बसलेल्या माणसासारखा होता. तिने पडद्यावर गिरवलेला व त्याच भिंतीवरून खाली पडलेल्या माणसासारखा दिसत होता. कृती ऐकायला सोपी होती. वळणावर एक पॉइंट टाकायचा, बटण न सोडता ओढायचं, की पॉइंटच्या दोन्ही बाजूंना दोन काड्या फुटतात. त्या काड्यांना हँडल म्हणायचं. हँडल फिरवलं की रेषा वाकते. व्हिडिओतला शिकवणारा हे चार सेकंदांत करायचा आणि वर हसायचा. तिला त्या हसण्याचा इतका राग यायला लागला होता, की शेवटी तिने आवाज बंद करून त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली आणि फक्त हात बघायला सुरुवात केली.

तिची रेषा मात्र ऐकत नव्हती. एक हँडल फिरवलं की पलीकडची रेषा फुगायची. ती दाबायला दुसरा पॉइंट, त्याने पडलेला खड्डा भरायला तिसरा. असं करत व च्या एका पोटावर एकशे बारा पॉइंट झाले आणि पोटाला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

"ऑटो ट्रेसचं बटण असतं म्हणे," आई म्हणाली. ती कुठून काय ऐकून यायची कुणास ठाऊक. "एकदा दाबलं की रेषा आपोआप निघतात."

"ते नाव बाबांसमोर काढू नकोस."

आईने जीभ चावली.

बाबा बोर्ड रंगवणारे पेंटर. चाळीस वर्षं शिडीवर काढलेली. बाजारातल्या जुन्या दुकानांवरची निम्मी अक्षरं त्यांच्या हातची. मग छपाईचे बोर्ड आले आणि शिडी गॅलरीत आडवी झाली. आई तिच्यावर पायपुसणी वाळत घालू लागली. दोन वर्षांपूर्वी एका शाळेने बाबांकडून फाटकासाठी अक्षरं काढून घेतली आणि छपाईच्या दुकानात दिली. तिथल्या डिझायनरने कागद स्कॅन केला, ऑटो ट्रेसचं बटण दाबलं आणि जे आलं ते पत्र्यात कापलं. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, गाठी फुगलेल्या, आणि खाली कोपऱ्यात बाबांची सही. तेव्हापासून बाबा त्या रस्त्याने जात नाहीत. दूध आणायला निघालेला माणूस दोन गल्ल्या वळसा घालून जातो आणि कुणी विचारलं तर चालणं तब्येतीला चांगलं म्हणून सांगतो.

आता वाचनालयाची नवी इमारत झाली होती. तिसऱ्या मजल्याच्या वर, मोकळ्या भिंतीवर, स्टीलची कापलेली अक्षरं लावायची होती. शब्द एकच, 'वाचनालय', उंची साठ सेंटिमीटर. वाचनालयाचे चिटणीस घरी येऊन म्हणाले होते, "अक्षरं तुमचीच घेऊ, पेंटर. पण लेझर मशीनला कागद वाचता येत नाही. त्याला कॉम्प्युटरची फाइल लागते. पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला मशीन आपल्यासाठी मोकळं आहे. तोवर फाइल आली तर ठीक, नाहीतर कॉम्प्युटरमधला एखादा तयार फाँट घेऊन टाकू. शेवटी अक्षर काय, वाचता आलं म्हणजे झालं."

चिटणीस गेल्यावर बाबांनी त्यांचा रिकामा कप उचलला, मोरीत नेऊन ठेवला आणि म्हणाले, "पोट काय, भरलं म्हणजे झालं."

"फाइल मी करते," ती म्हणाली होती.

"तुला येतं?"

"शिकेन. नऊ दिवस आहेत."

"आमच्या शास्त्रज्ञबाई," बाबा आईला म्हणाले. ते तिला रागात असताना आणि खुशीत असताना दोन्ही वेळा शास्त्रज्ञबाईच म्हणत. ती भौतिकशास्त्र शिकलेली. सकाळी अर्धा दिवस पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे तिच्या वहीतला आकडा कुणी परत तपासत नसे, कारण तो चुकायचाच नाही.

बाबांनी तिला खाकी कागदाची गुंडाळी दिली. चिटणीस यायच्या आधीच अकरा दिवस खपून त्यांनी ती अक्षरं खऱ्या मापात काढली होती. अक्षरांबद्दल एक शब्दही न सांगता गुंडाळी दिली आणि वर एक अट घातली. "त्या डबड्यात माझं अक्षर मला बघायचं नाही. काय करायचंय ते दार लावून कर."

तिने दार लावून केलं. नवा माउस आणला. चौथ्या दिवशी तिने शंभर पॉइंट रागारागाने पुसून टाकले आणि पहिल्यांदा नीट बघितलं, की शिकवणारा पॉइंट टाकतो कुठे. वळण जिथे सगळ्यात डावीकडे जातं तिथे एक, सगळ्यात वर जातं तिथे एक, मध्ये काही नाही. मधलं काम हँडल करतं. पाचव्या दिवशी सगळा व चौदा पॉइंटांत बसला. रेषा तेलातून ओढल्यासारखी आली. ती खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आली.

आणि सहाव्या दिवशी तिने खाकी कागदावरच्या अक्षरांचं मोजमाप घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या हाताला सवयच तशी होती, समोर रेषा दिसली की स्टीलची पट्टी आपोआप बाहेर यायची.

उभ्या रेषा चव्वेचाळीस मिलिमीटर. च चव्वेचाळीस, ल चव्वेचाळीस, य चव्वेचाळीस. पण 'वा'मधल्या दोन्ही उभ्या रेषा एकेचाळीस, 'ना'मधल्याही एकेचाळीस. आणि वरची आडवी शिरोरेषा चक्क छप्पन. तिने पट्टी पुसून परत लावली. छप्पनच. व चं पोट गोल नव्हतं, अंड्यासारखं उभं लांबट होतं.

गॅलरीत बाबांचा एक जुना बोर्ड पडला होता, कुठल्याशा दवाखान्याचा. तिने तिथे जाऊन तो मोजला. शिरोरेषा आणि उभी रेषा एकसारखी, केसाचा फरक नाही. पोटं गरगरीत गोल.

चार महिन्यांपूर्वी बाबांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर त्यांनी दोनदा आमटीत मीठ दोन वेळा घातलं होतं. गेल्या आठवड्यात सदऱ्याचं बटण लावताना त्यांचा हात थरथरताना तिने पाहिला होता आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं. आता ती गॅलरीत पट्टी धरून उभी राहिली आणि तिला भयंकर राग आला. कुणावर ते कळेना. मोतीबिंदूवर, डॉक्टरवर, अकरा दिवस ओणवं होऊन चुकीच्या रेषा इतक्या सुंदर मारणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसावर.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. खोलीत गेली, दार लावलं, सॉफ्टवेअरमधलं स्नॅप चालू केलं. त्याने प्रत्येक पॉइंट चौकटींच्या जाळीला चिकटतो, इकडेतिकडे सरकत नाही. सगळ्या उभ्या रेषा चव्वेचाळीस केल्या. शिरोरेषा चव्वेचाळीस. पोटाचं शुद्ध वर्तुळ. एका संध्याकाळीत बाबांच्या सगळ्या चुका नाहीशा झाल्या आणि त्या कधी झाल्या होत्या हे जगात कुणालाही कळणार नव्हतं.

बाबांची एक पद्धत होती. कुठलंही अक्षर कायमचं लावण्याआधी त्याचा कागदी नमुना जागेवर टांगायचा आणि रस्त्यावर उभं राहून बघायचा. चिटणीसांनी कुरकुर केली, पण लेझरवाल्याने बुधवारी तिच्या फाइलवरून काळ्या पुठ्ठ्याची अक्षरं कापून दिली आणि गुरुवारी सकाळी नऊ वाजता वाचनालयाच्या दोन माणसांनी गच्चीवरून ती दोरीने खाली सोडली. तिने प्रयोगशाळेतून रजा घेतली होती. ती, चिटणीस आणि बाबा समोरच्या फुटपाथवर, शिंप्याच्या दुकानाच्या पायरीशी उभे राहिले.

बाबांनी हात पाठीमागे बांधले आणि मान वर केली.

तिनेही केली. पहिल्या क्षणी तिला वाटलं, पुठ्ठा वाकलाय. शिरोरेषा सुतळीसारखी बारीक दिसत होती. तिच्याखाली अक्षरं दुकानातल्या गर्दीत दाबल्यासारखी बुटकी झाली होती. व चं पोट, तिचं शुद्ध वर्तुळ, कुणी वर बसल्यासारखं चपटं दिसत होतं. आणि 'वा'मधल्या दोन जाड उभ्या रेषा एकमेकींना खेटून त्यांचा एकच काळा डाग झाला होता.

"ही अक्षरं माझी नाहीत," बाबा म्हणाले.

"म्हणजे काय?" चिटणीस म्हणाले. "तुमच्याच कागदावरून कापलीत ना?"

"माझी नाहीत."

चिटणीसांनी सुस्कारा सोडला. पण त्यात दुःखापेक्षा सोयच जास्त होती. "मी म्हटलं नव्हतं? हाताचं अक्षर कॉम्प्युटरमध्ये घातलं की कॉम्प्युटर असंच करतो. त्याचा त्याला इलाज नाही. तयार फाँट माझ्या खिशात आहे, पेंटर. पेन ड्राइव्हमध्ये. आता वाद नको."

मान डोलावली असती तर ती सुटली असती. सगळा दोष यंत्रावर गेला असता. आणि भिंतीवर तयार फाँट गेला असता.

"कॉम्प्युटरने केलं नाही," ती म्हणाली. "मी केलं. मी मापं बदलली."

बाबांनी भिंतीवरची नजर न काढता विचारलं, "का?"

"शिरोरेषा छप्पन होती. जुन्या बोर्डावर सारखी असते. मला वाटलं..." पुढचं वाक्य गिळावं असं तिला फार वाटलं. "ऑपरेशननंतर तुमचं चुकलं असेल. म्हणून मी गुपचूप सरळ केलं."

शिंपी पायरीवर येऊन उभा राहिला होता. चिटणीस शेजारीच होते. बाबांनी मान खाली घेतली, तिच्याकडे बघितलं, आणि इतक्या हळू बोलले की शिंप्याला पुढे वाकावं लागलं.

"मला न विचारता माझी कीव केलीस."

आणि चालायला लागले.

"तीन वाजता मशीन आहे," चिटणीस तिला म्हणाले. "दुसरा नमुना टांगायला आता वेळ नाही. तीनला जी फाइल येईल ती कापली जाईल. तुमची नाहीतर माझी."

घरी पोचेपर्यंत दोघांच्यामध्ये वीस पावलांचं अंतर होतं आणि ते कुणीच कमी केलं नाही. आईने दार उघडलं, दोघांची तोंडं बघितली, आणि गॅस बंद केला.

"अकरा दिवस," बाबा चप्पल काढत म्हणाले, "मी काय झोपा काढत होतो? एकेचाळीस काढलंय ते मला दिसत नाही म्हणून काढलंय?"

"मग सांगायचं होतं! कागद दिलात तेव्हा एक वाक्य सांगायचं होतं!"

"तू विचारलंस?"

"तुम्ही नऊ दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीत. विचारायचं कुणाला, माउसला?"

"मापं मोजायला वेळ होता. बापाला विचारायला नव्हता."

"बापाला डबड्यात अक्षर बघायचं नव्हतं!"

"जरा हळू," आई म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण थांबलंय तुमचं ऐकायला."

बाबा खाटेवर बसले. रागात माणूस जास्त बोलतो असं म्हणतात, पण ते रागात नेहमी कमी आणि नेमकं बोलत. "दवाखान्याचा बोर्ड दाराच्या वर होता. डोळ्यासमोर. हा किती वर आहे? खालून बघणाऱ्याला उभं सगळं दबून दिसतं, आडवी रेघ बारीक होते. म्हणून ती आधीच जाड काढायची, पोट आधीच उंच काढायचं. आणि दोन उभ्या रेघा शेजारी आल्या की डोळा त्या जाड बघतो, म्हणून त्या बारीक. बोर्ड पट्टीसाठी नसतो. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसासाठी असतो. हे शिकायला मी तीन बोर्ड भिंतीवरून उतरवून परत रंगवलेत."

ती उठली आणि एक कागद घेतला. भिंतीवरची जागा अकरा मीटर. डोळ्याची उंची एक पूर्णांक सहा. फरक नऊ पूर्णांक चार. रस्ता ओलांडून बारा मीटर. मान वर करायचा कोन अडतीस अंश. त्या कोनात उभं माप किती उरतं, ते काढलं, आणि चव्वेचाळीसला त्याने भागलं.

पंचावन्न पूर्णांक नऊ.

तिचा राग उतरला नाही, उलट भडकला. दहावीपासून ती कोसाइन पाठ करत होती, पदवी घेतली होती, आणि हा माणूस शिडीवर उभा राहून ब्रशने तेच गणित एका मिलिमीटरच्या आत सोडवत होता आणि घरात कधी एका शब्दाने बोलला नव्हता. तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"हे तुमचं छप्पन. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, म्हणून मी नऊ वर्षं भांडायला हवं तुमच्याशी."

बाबांनी आकड्याकडे बघितलं. "हे कागदावर काढता येतं?"

"येतं."

"मग तूही कधी सांगितलं नाहीस."

तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाबा उठले, स्टूल उचललं आणि त्या खोलीत गेले.

तिने जुन्या अक्षरांचा थर पुसून टाकला. खाली बाबांच्या कागदाचा स्कॅन फिकट होऊन पडला होता. स्नॅप बंद केलं. सगळं पहिल्यापासून सुरू केलं, व पासून. बाबा स्टुलावर बसून बघत होते, एखाद्याच्या हाती आपलं तान्हं पोर दिल्यासारखे.

"ही काडी कसली?"

"हँडल. वळण कुठे जातंय आणि किती जोराने, ते ती ठरवते."

"म्हणजे मनगट." ते पुढे वाकले. "आणि टिंब?"

"पॉइंट."

"ब्रश वळतो ती जागा. मग इथे कशाला टाकलंस? इथे ब्रश वळत नाही. इथे." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"पडद्याला बोट लावू नका."

"का, पेटेल?"

"डाग पडतो."

"तू माझ्या अक्षरांना हात लावलास, मी काही म्हटलं?"

"म्हटलंत. भर रस्त्यात. शिंप्यासमोर."

आई मध्ये ताटल्या ठेवून गेली. त्या तशाच राहिल्या. च च्या गाठीवर वीस मिनिटं भांडण झालं. ती म्हणत होती रेषा कागदावरच्यासारखीच आहे. बाबा म्हणत होते कागदावरची जिवंत आहे. शेवटी तिने झूम केलं तेव्हा हँडल हवं त्याच्या दुप्पट लांब झालेलं दिसलं. ते निम्मं केलं. बाबांनी पुढच्या अक्षराकडे बोट केलं, त्यावरून तिने ओळखलं की जमलं. 'ना'च्या दोन रेषांना तिने एकेचाळीस टाकलं. टाकताना बोटं आखडली, कारण बोटांना अजून चव्वेचाळीसच खरं वाटत होतं.

"लगेच पटत नाही," बाबा म्हणाले. "हे शिकवताना मीही सोसलंय."

"कुणाला शिकवलंत?"

"स्वतःला."

अडीचला फाइल झाली. तीनला पाच मिनिटं कमी असताना ते लेझरच्या दुकानात पोचले. चिटणीस आधीच येऊन बसले होते, हात खिशावर. लेझरवाला तरुण, हसतमुख, कानाला पेन्सिल लावलेला. त्याने फाइल उघडली, पडद्यावर अक्षरं मोठी केली आणि तोंडाने च्यक केलं.

"ताई, शिरोरेषा जाड आलीय. आणि उभ्या रेषा बघा, कमीजास्त आहेत. मागच्या फाइलमध्ये छान सारख्या होत्या. थांबा, एका क्लिकचं काम आहे, करून देतो. काही नको त्याचं."

त्याचं बोट माउसवर गेलं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. ठेवला म्हणणं सौम्य झालं.

"हात लावायचा नाही."

"अहो, चांगल्यासाठीच..."

"चांगल्यासाठीच बदलतात सगळे. मीही चांगल्यासाठीच बदललं होतं. एकेचाळीस म्हणजे एकेचाळीस, छप्पन म्हणजे छप्पन. एक पॉइंट हलला तर ते स्टील मी तुमच्या दुकानावर टांगेन, आणि रोज समोर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन कुणी हलवलं."

लेझरवाल्याने हात काढून घेतला. त्याने आधाराला चिटणीसांकडे बघितलं. चिटणीस घड्याळ बघत होते. तीनला दोन मिनिटं होती, आणि फाइल आली होती. त्यांनी खिशावरचा हात काढला.

"ठीक आहे," लेझरवाला म्हणाला, "पण वर गेल्यावर वाकडं दिसलं तर मला बोलायचं नाही. लिहून द्या."

तिने त्याच्या कानाची पेन्सिल काढून घेतली आणि कामाच्या चिठ्ठीवर लिहिलं: मापं मुद्दाम अशी आहेत. बदलू नयेत.

बाबा इतका वेळ दारात उभे होते. ते आत आले, चिठ्ठी वाचली, तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि 'मुद्दाम'खाली एक रेघ मारली. मध्येच हात थरथरला. रेघ शेवटी खाली घसरली.

तिने ती बघितली. बाबांनीही बघितली.

"ही मात्र खरंच चुकली," ते म्हणाले, आणि लेझरवाल्याकडे असं रोखून बघितलं, जसा काही धक्का त्यानेच मारला होता. "बघत काय बसलास? लाव मशीन."